गर्भ का टिकला नाही?

सोनोग्राफीत ठोके थांबल्याचे कळते, डॉक्टर क्युरेटिंगचा सल्ला देतात आणि काही तासांत सगळे उरकते. त्या गडबडीत काढलेला गर्भाचा व वारेचा भाग बहुधा फॉर्मलिनच्या बाटलीत जातो. बायोप्सीसाठी ते बरोबरच. पण गुणसूत्रांची जुनी, रुळलेली तपासणी (कॅरिओटाइप) करायची तर पेशी जिवंत लागतात आणि फॉर्मलिनमध्ये त्या मरतात. नमुना निर्जंतुक सलाइनमध्ये किंवा प्रयोगशाळेने दिलेल्या द्रावात घालून लगेच पोहोचवावा लागतो. म्हणून तपासणीचा विषय क्युरेटिंगच्या आधी निघायला हवा.

पहिल्या तीन महिन्यांतल्या गर्भपातांपैकी साधारण निम्म्यांच्या मुळाशी गर्भाच्या गुणसूत्रांतला दोष असतो. ४६ ऐवजी ४७ गुणसूत्रे, कधी ४५, कधी तिसरा संचच जादा. सर्व पेशींत सोळावे गुणसूत्र जादा असेल तर गर्भ जगतच नाही. असे दोष बहुतेक वेळा बीजांड तयार होताना योगायोगाने घडतात. आईचे वय वाढते तसे त्यांचे प्रमाणही वाढते. पपई, एसटीचा प्रवास, उचललेली बादली यांचा त्याच्याशी काही संबंध नाही. घरात मात्र चौकशी नेमकी याचीच होते, आणि तीही फक्त सुनेकडे. अशा वेळी हातात असलेला लेखी अहवाल लहान गोष्ट नव्हे.

मग प्रत्येकीने ही तपासणी करावी का? माझ्या मते नाही. पहिल्या गर्भपातानंतर अहवाल काहीही आला तरी पुढचे उपचार सहसा बदलत नाहीत, आणि खर्च बहुतेकींना खिशातूनच करावा लागतो. ब्रिटनमधील प्रसूतितज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजने २०२३ मध्ये तिसऱ्या व त्यापुढच्या गर्भपातात, तसेच चौथ्या ते सहाव्या महिन्यांतल्या कोणत्याही गर्भपातात ती द्यावी असे सुचवले. युरोपीय तज्ज्ञसंघटना ईश्रे ती सरसकट सुचवत नाही. कारण समजावे म्हणून करता येईल, एवढेच म्हणते.

वारंवार गर्भपात होणाऱ्या स्त्रीच्या बाबतीत अहवालाने खरेच फरक पडतो. गुणसूत्रांचे तुकडे इकडचे तिकडे झालेले दिसले तर आईवडिलांचीही तपासणी करावी लागते. गुणसूत्रे ठीक असतील तर थायरॉइड, गर्भाशयाची रचना, अँटिफॉस्फोलिपिड सिंड्रोम यांकडे वळता येते. या सिंड्रोममध्ये हेपॅरिनचा उपयोग होतो. पण रक्त गोठण्याचा आनुवंशिक दोष असलेल्या स्त्रियांना त्याचा फायदा होत नसल्याचे २०२३ च्या ‘अलाइफ २’ चाचणीत दिसले. रोज पोटात सुई टोचून घेणाऱ्या स्त्रीने ‘हे कशासाठी?’ असे विचारायलाच हवे.

अहवाल वाचतानाही सावध राहावे. ‘४६, एक्सएक्स, सामान्य’ असे लिहिले असेल तर त्या पेशी गर्भाच्या नसून आईच्याच असू शकतात. आईच्या रक्ताशी नमुना ताडून पाहिला का, हे प्रयोगशाळेला विचारावे.

घरीच गर्भपात झाला तर नमुना हाती लागणेच कठीण. त्यासाठी कोपनहेगनच्या संशोधकांनी आईच्या रक्तातून गर्भाचा डीएनए तपासला. त्यांचा अभ्यास २०२३ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. सुमारे हजार स्त्रियांपैकी साधारण ४० टक्के जणींत गुणसूत्रांचा दोष सापडला, तर १५ टक्क्यांच्या आसपास अहवाल अनिर्णित राहिले. मात्र हे रक्तही गर्भ पोटात असताना किंवा पडल्यावर एका दिवसाच्या आत घ्यावे लागते.