बॅटरी की अल्ट्राकपॅसिटर? आधी रस्ता बघा!

हायब्रिड गाड्यांचा विषय निघाला की कट्ट्यावर एक जण हमखास म्हणतो, "बॅटरीचे दिवस संपले, आता अल्ट्राकपॅसिटर येणार. सेकंदात चार्ज, लाखो वेळा वापरा, काही होत नाही!"

खरं आहे. पण अर्धंच.

साधं बघा. बॅटरी म्हणजे बँकेतली ठेव. भरपूर मावतं, पण टाकायला-काढायला वेळ लागतो. कारण आत रासायनिक क्रिया चालते, आणि त्यातच ती म्हातारी होत जाते. अल्ट्राकपॅसिटर म्हणजे खिशातले सुट्टे पैसे. विद्युतभार नुसता कार्बनच्या पृष्ठभागावर बसतो, म्हणून झटक्यात आत, झटक्यात बाहेर. पण खिसा लहान. एक किलो लिथियम-आयन बॅटरीत दीडशे वॉट-तास सहज मावतात, अल्ट्राकपॅसिटरमध्ये जेमतेम पाच-सहा.

आता गणित करू. दीड हजार किलोची गाडी ताशी 60 किलोमीटरवरून सिग्नलला थांबली, तर सुमारे 58 वॉट-तास ऊर्जा सुटते. ती दहा-बारा किलोच्या अल्ट्राकपॅसिटरमध्ये मावेल, तीही काही सेकंदांत. छोट्या बॅटरीला एवढ्या घाईत सगळी घेता येत नाही, उरलेली ब्रेक तापवण्यात जाते.

पण हीच गाडी आंबोली घाटातून 600 मीटर खाली उतरवा. सुमारे अडीच हजार वॉट-तास! निम्मी वारा आणि टायरमध्ये गेली असं धरलं, तरी उरलेली साठवायला दोनशे किलोंच्या वर अल्ट्राकपॅसिटर लागतील. म्हणजे तीन माणसं गाडीतून उतरवा!

म्हणूनच 1997 साली आलेल्या टोयोटा प्रियसने बॅटरी घेतली. माझदाने 2012 मध्ये कपॅसिटर वापरला, पण दिवे, एसी असल्या विजेच्या कामांसाठी, गाडी ओढायला नव्हे. शांघायमध्ये 2006 पासून कपॅसिटरवरच्या बस धावल्या, त्या थांब्याथांब्यावर चार्ज होत. ज्याची जागा त्याला दिली.

दोन्ही एकत्र लावता येतात. झटका कपॅसिटरने सोसायचा, लांबचा पल्ला बॅटरीने. बॅटरी जास्त टिकते, पण खर्च आणि गुंतागुंत वाढते.

माझं मत स्पष्ट आहे. घाट आणि लांबचे रस्ते असलेल्या आपल्यासारख्यांनी कपॅसिटरची वाट बघत बसू नये. हायब्रिड घ्यायची तर सनरूफच्या आधी दोन गोष्टी लेखी विचारा: बॅटरीची वॉरंटी किती वर्षं, आणि नंतर बदलायला किती पैसे? जुनी घेणाऱ्याने तर नक्कीच.

आणि नगरपालिका-महापालिका बस घेतील तेव्हा विचारा, या मार्गावर थांबे किती, चढ किती? पैसा आपलाच आहे. तो ब्रोशर बघून नाही, रस्ता बघून खर्च व्हायला हवा.

तुम्हाला काय वाटतं?