किलो म्हणजे वजन नव्हे

मुलुंडच्या बाजारात ‘दोन किलो कांदे’ मागताना आपण ग्रॅम गिळून टाकतो. १९५६ च्या कायद्याने शेर गेला, किलोग्रॅम आला आणि बोलण्यात त्याचा नुसता किलो उरला. व्यवहाराला ते चालते. मुलाच्या मनात मात्र ‘किलो म्हणजे वजन’ असे पक्के बसते. मग किलोमीटर, किलोवॉट हे घोकण्याचे शब्द होतात.

किलो म्हणजे हजार, एवढेच. संख्यांना नावे देण्याची हौस आपल्या परंपरेलाही आहेच. ‘ललितविस्तर’ ग्रंथात अर्जुन नावाच्या गणितज्ञाने विचारल्यावर बोधिसत्त्व कोटीपुढील संख्यांची नावे शंभर-शंभर पटींनी सांगत जातात.

कोष्टकाआधी मुलांच्या हाती घरचे वीजबिल द्यावे, असे आमचे मत आहे. मुलुंडमध्ये ते महावितरणचे येते. त्यावरील एक युनिट म्हणजे एक किलोवॉट-तास : हजार वॉटची शेगडी तासभर, किंवा दहा वॉटचा दिवा शंभर तास. हे उमगलेली मुलगी आईला बिल समजावून सांगू शकते. कित्येक घरांत ते आकड्यांनिशी वाचणारी ती पहिलीच असेल.

मुले सुट्टीत घरी येतील, तेव्हा पालकांनी गेल्या महिन्याचे बिल तेवढे जपून ठेवावे.