पाण्यात उतरताना बाळाचा लंगोट

मैत्रिणींनो, मे महिन्याच्या सुट्टीत हल्ली आजोळाच्या जोडीला एखादं रिसॉर्ट आणि तिथला पोहण्याचा तलावही आलाच. दीड-दोन वर्षांची पोरंसुद्धा पाण्यात उतरायला हटून बसतात. मग प्रश्न येतो लंगोटाचा!

रोजचा डायपर पाण्यात घालूच नका. त्यातली लघवी शोषणारी पूड तलावाचं पाणीही तितक्याच हावरेपणानं पिते. डायपर भिजवलेल्या साबुदाण्यासारखा फुगतो, बाळाला चालवत नाही, आणि फाटला तर ते चिकट कण पाण्यात पसरतात. माझ्या भाचीचं असंच झालं होतं. बहीण बिचारी ओशाळून नुसती टॉवेल शोधत होती.

स्विम डायपर पाणी पीत नाहीत. म्हणजेच लघवीही धरत नाहीत, बरं का! शी झाली तर ती आत अडवायची, एवढंच त्यांचं काम. तेव्हा ते घरून घालून निघू नका, नाहीतर रिक्षात तुमची साडी भिजायची. वापरून टाकायचे मिळतात तसे धुऊन पुन्हा वापरायचे कापडीही मिळतात. सुट्टीभर पोहायला जायचं असेल तर कापडीच परवडतात. कंबरेला आणि मांडीला पट्टी अंगासरशी बसली पाहिजे, वळ मात्र उठता कामा नये. 'वाढत्या अंगाचा' म्हणून एक माप मोठा घ्यायची आपली सवय इथं कामाची नाही.

आता पुढचं सांगायला जरा जड जातं. दोन वर्षांपूर्वी निघायच्या दिवशी सकाळीच माझ्या धाकट्याला पातळ शी झाली. खोलीचे पैसे भरलेले. हे म्हणाले, "तो खास डायपर आहे ना?" मलाही तेच पटवून घ्यायचं होतं. उतरवलं त्याला. आठवड्याच्या आत थोरल्या जाऊबाईंच्या मुलाला जुलाब सुरू झाले. ते त्या पाण्यानंच झाले की आणखी कशानं, कोण सांगणार? जाऊबाईंनी काही बोलून दाखवलं नाही, पण मला त्यांच्याकडे बघवेना.

डॉक्टरांनी मग समजावलं. पातळ शी कुठलाच डायपर अडवत नाही, थोड्याच मिनिटांत जंतू पाण्यात येतात. क्लोरीननं बरेचसे जंतू लवकर मरतात, पण क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा जंतू नीट क्लोरीन घातलेल्या पाण्यातही 7 दिवसांहून जास्त जगतो. तो आहे असं तपासणीत निघालं तर जुलाब थांबल्यावरही 2 आठवडे मुलाला तलावात नेऊ नये.

एरवीही दर तासाला डायपर उघडून बघा. बदलायचा तो न्हाणीघरात, तलावाच्या काठावर नव्हे, आणि नंतर साबणानं हात धुवा. पाण्यात उतरवण्याआधी बाळालाही साबण लावून आंघोळ घाला.

गेल्या सुट्टीत धाकट्याचं पोट पुन्हा बिघडलं. या खेपेला आम्ही दोघं खोलीतच राहिलो. रडून रडून त्यानं खोली डोक्यावर घेतली. शेवटी न्हाणीघरात बादलीभर पाणी आणि एक मग दिला, तर स्वारी तासभर रमली.