चाचा मशिदीत का येत नाहीत?

आमच्या मोहल्ल्यातले एक चाचा. फजरच्या जमातीत पहिल्या सफमध्ये त्यांची जागा ठरलेली. प्रोस्टेटच्या कॅन्सरसाठी रेडिएशन झालं, कॅन्सर आटोक्यात आला आणि चाचा मशिदीत दिसेनासे झाले. भेटायला गेलो. बराच वेळ इकडच्या तिकडच्या गप्पा. निघताना दारापर्यंत आले आणि हळूच म्हणाले, "मास्तर, कपडे पाक राहत नाहीत. कसा येऊ?"

चाचींनाही त्यांनी हे सांगितलं नव्हतं. उपाय म्हणून पाणी पिणं जवळजवळ सोडलं होतं! त्याने उलटंच होतं. लघवी घट्ट झाली की मूत्राशय आणखी चिडतं.

प्रोस्टेट मूत्राशयाला लागूनच असतं, त्यामुळे रेडिएशनचा मार त्यालाही बसतो. मग जोराची लागते आणि मोरी गाठायच्या आत कपडे ओले होतात. खोकताना, उठताना गळणं हा वेगळा प्रकार. तिथे लघवी धरून ठेवणारा स्नायू कमजोर असतो. कधी मूत्राशय पूर्ण रिकामंच होत नाही आणि वरचं सांडत राहतं. म्हणून आधी युरोलॉजिस्टकडे लघवीची तपासणी आणि सोनोग्राफी. मेडिकलवाल्याला विचारून गोळी घेण्याचा हा आजार नव्हे. लघवीत रक्त दिसलं तर एक दिवसही थांबू नये.

उपाय आहेत. वारा रोखून धरतो तसे खालचे स्नायू आवळण्याचा व्यायाम, पण महिनोन्‌महिने, नेमाने. चहा कमी. घड्याळ लावून लघवीला जाणं. सोलिफेनासिन, मिराबेग्रॉनसारख्या गोळ्या. पहिलीने तोंड कोरडं पडतं, बद्धकोष्ठ होतो, दुसरीने रक्तदाब वाढू शकतो. गोळ्या लागू पडल्या नाहीत तर मूत्राशयात बोटॉक्सचं इंजेक्शन देतात. स्नायूच निकामी असेल तर ऑपरेशन करून कृत्रिम झडप बसवता येते. ती महाग आहे, आणि रेडिएशन झालेल्या जागी जंतुसंसर्गाची, झडप आत रुतण्याची भीती जास्त. हे डॉक्टरांना आधीच विचारून घ्यावं.

आणि नमाज? फिकहमध्ये 'माजूर' हा शब्द कशासाठी आहे? नमाजच्या पूर्ण वक्तात वजू करून फर्ज अदा करण्याइतकीही कोरडी सवड मिळाली नाही, तर हनफी मसलकात तो माणूस माजूर ठरतो. पुढे त्या गळण्याने वजू तुटत नाही, एक वजू त्या वक्तापुरता चालतो. कोकणातल्या शाफई मंडळींत अशा माणसाने वक्त झाल्यावर स्वच्छ होऊन, पॅड लावून प्रत्येक फर्जसाठी नवा वजू करायचा. सवड मिळत असेल तर त्या सवडीत नमाज. बारकावे आपापल्या मौलानांना विचारा.

पण विचारणार कोण? तहारतवर जुम्म्याला इतके बयान ऐकले, म्हाताऱ्या पुरुषांच्या या त्रासाचा शब्द कधी कानावर आला नाही. कित्येक मशिदींत वजूखान्याजवळ कमोड नाही, वापरलेलं पॅड टाकायला झाकणाचा डबाही नाही. झुंबराला चंदा मात्र लगेच जमतो.

चाचांनी डॉक्टरांची वेळ घेतली आहे. सोबत मी जाणार आहे. परवा ते जोहरला आले होते. शेवटच्या सफमध्ये, दाराजवळ उभे राहिले.