'गोलसर' : अदमासाचा काटेकोरपणा

उंद्री (जि. बुलढाणा) येथील एका विद्यार्थिनीने घरगुती वस्तूंच्या नावांवरील लघुप्रबंधात जाते 'गोल', उखळाचे तोंड 'गोलसर' आणि पाटा 'लांबट' असे वर्णन केले होते. परीक्षकांनी 'गोल' व 'गोलसर' दोन्ही खोडून 'गोलाकार' लिहिले आणि समासात शेरा दिला : 'मोघम शब्द टाळावेत.' असा शेरा आपल्यापैकी अनेकांनी कधी ना कधी दिलेला असतो; म्हणून त्याचा विचार अगत्याचा वाटतो.

मुळात 'गोल' हा शब्दच द्व्यर्थी आहे. बांगडीही गोल आणि लाडूही गोल. 'आकार' जोडल्याने ही संदिग्धता जात नाही. शब्द केवळ भारदस्त होतो. '-सर' हा प्रत्यय मात्र नेमकी माहिती देतो : वस्तू गोलाच्या जातीची आहे, पण तिला वर्तुळाची कसोटी लावू नये. जात्याचा वरचा दगड मधल्या खुंट्याभोवती फिरतो, म्हणून तो गोलच घडवावा लागतो. उखळात मुसळ केवळ वरखाली होते. तोंड किंचित वाकडे असल्याने कांडण अडत नाही. विद्यार्थिनीच्या दोन विशेषणांत हा भेद होता. दुरुस्तीने तो पुसला गेला.

'-सर' सरसकट कोठेही लागत नाही, हेही ध्यानात घ्यावे. काळसर, ओलसर, जाडसर हे शब्द रूढ आहेत, कारण त्या गुणांत कमीअधिकपणा संभवतो. 'त्रिकोणी'ला तो लागत नाही. कोन मोजून येतात. 'दाणे जाडसर कुटावेत' ही सूचना तर मोघम नाहीच : कूट बारीक झाले तर चूक झाली, हे स्वयंपाक करणारी व्यक्ती जाणते. '-ट'ची गती निराळी. 'लांबट'मध्ये अदमास आहे, 'आंबट'मध्ये तो उरलेला नाही. 'काळसर'च्या शेजारी 'काळपट' ठेवला की त्यातील नापसंती लगेच जाणवते. हे प्रत्यय परस्परांच्या जागी बसत नाहीत.

याच जिल्ह्यातील लोणारचे विवर पाहावे. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे हे उल्काविवर पाठ्यपुस्तकी भाषेत 'वर्तुळाकार' असते. अभ्यासक मात्र त्याला 'जवळजवळ वर्तुळाकार' म्हणतात. अमेरिकेतील ॲरिझोनाचे विवर तर खडकांतील सांध्यांमुळे चौकोनाकडे झुकलेले आहे. निसर्गातील आकारांसाठी शास्त्रालाही 'सुमारे' आणि 'जवळजवळ' यांचा आधार घ्यावा लागतो. मराठी तेच काम एका प्रत्ययात करते.

भूमितीच्या व्याख्येत 'वर्तुळ' हवेच, याविषयी वाद नाही. परंतु वस्तूंचे वर्णन म्हणजे व्याख्या नव्हे. अदमास नेमका सांगणे ही अचूकतेचीच एक रीत आहे. बोलीने घडविलेली अशी विशेषणे खोडताना आपण भाषा शुद्ध करतो की निरीक्षण बोथट करतो, हा प्रश्न लाल शाईचे पेन उचलण्यापूर्वी प्रत्येक अध्यापकाने स्वतःस विचारावा.