वऱ्हाड इंग्रजांकडे, पदवी निजामाकडे!

जानेवारी २०२३ मध्ये मुकर्रम जाह यांचे इस्तंबूल येथे निधन झाले. तेलंगण शासनाने त्यांना शासकीय सन्मान दिला आणि वृत्तपत्रांतून ‘आठवे निजाम’ हा उल्लेख सर्रास झाला. मृत व्यक्तीविषयी अनुदार बोलण्याचे कारण नाही. परंतु १९७१ च्या घटनादुरुस्तीने संस्थानिकांची मान्यता व तनखे संपुष्टात आणल्यावरही ज्या पदव्यांचे असे कौतुक होते, त्या कोणत्या टांकसाळीत पडल्या, हे निदान मराठवाडा-वऱ्हाडातील वाचकाने तरी जाणून घेतले पाहिजे.

हैदराबाद कंटिंजंट ही फौज निजामाच्या पैशावर पोसलेली, पण हुकूम इंग्रजांचा! तिची थकबाकी चढत गेली आणि १८५३ च्या तहाने वऱ्हाड, धाराशिव व रायचूर दुआब कंपनीच्या ताब्यात गेले. १८५७ च्या स्वातंत्र्यसमरात निजाम इंग्रजांशी एकनिष्ठ राहिला. त्याचे बक्षीस १८६० मध्ये मिळाले : पन्नास लाखांचे कर्ज माफ, धाराशिव व रायचूर परत. वऱ्हाड मात्र नाही. कापसाची ती काळी जमीन कोण सोडतो? १९०२ मध्ये कर्झनने सालिना २५ लाख रुपयांवर तिचा कायमचा पट्टाच लिहून घेतला.

पहिल्या महायुद्धातील मदतीबद्दल १९१८ मध्ये मीर उस्मान अली खान यांना ‘हिज एक्झॉल्टेड हायनेस’ ही वंशपरंपरागत पदवी आणि शिवाय ‘ब्रिटिश सरकारचा एकनिष्ठ दोस्त’ हे बिरुद लाभले. या दोस्ताने १९२३ मध्ये वऱ्हाड परत मागितले. १९२६ मध्ये लॉर्ड रीडिंगने उत्तर धाडले की, ब्रिटिश सत्ता सर्वश्रेष्ठ असून कोणाही संस्थानिकाला तिच्याशी बरोबरीच्या नात्याने बोलता येणार नाही. दोस्तीची किंमत ती एवढीच!

अखेर १९३६ मध्ये तोडगा निघाला. वऱ्हाडवरील निजामाचे स्वामित्व कागदावर मान्य झाले, कारभार मध्य प्रांताबरोबर इंग्रजांकडेच राहिला. भूमीच्या जागी पदवी आली. निजाम ‘हैदराबाद व वऱ्हाडचे निजाम’ झाले आणि त्यांचे ज्येष्ठ पुत्र आझम जाह ‘प्रिन्स ऑफ बेरार’. ‘प्रिन्स ऑफ वेल्स’ची ही नक्कल उघड होती. या राजपुत्राने वऱ्हाडवर एक दिवसही राज्य केले नाही. १९६७ मध्ये पित्याचा वारसाही त्यांना डावलून त्यांच्या पुत्राकडे, म्हणजे मुकर्रम जाह यांच्याकडे गेला.

अमरावती, अकोला, बुलढाणा, यवतमाळच्या शेतकऱ्याला यांपैकी एकाही करारात कोणी विचारले नाही. मराठवाड्यातील प्रजेचे तर नावच नको. पदवीला दोन वर्षे होतात न होतात तोच, १९३८ मध्ये, आजच्या छत्रपती संभाजीनगरातील महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांना ‘वंदे मातरम्’ म्हणण्यास बंदी झाली. आंदोलन हैदराबादपर्यंत पसरले. उस्मानिया विद्यापीठाने बाहेर काढलेल्या अनेक विद्यार्थ्यांना प्रवेश दिला तो नागपूर विद्यापीठाने, म्हणजे ‘मध्य प्रांत व वऱ्हाड’च्या राजधानीने!