परळीची राख कोणाच्या इतिहासात?

मराठवाड्याच्या विकासाचा इतिहास लिहिताना आपण मेगावॉट मोजतो. परळी वैजनाथच्या औष्णिक विद्युत केंद्राचा पहिला संच १९७१ चा, ३० मेगावॉटचा. १९८० च्या दशकात २१० मेगावॉटचे तीन संच आले. ते जुने संच आता बंद आहेत आणि त्यांची जागा २५० मेगावॉटच्या तीन संचांनी घेतली आहे. ही यादी सहज सापडते. आजचा धागा त्या यादीत न मावणाऱ्या राखेविषयी आहे, आणि तो मी तटस्थपणे लिहिणार नाही.

'ते तर बीड जिल्ह्यात' असे म्हणून परभणीकरांनी पुढे सरकू नये. केंद्राला पाणी देणारा गोदावरीवरील खडका बंधारा सोनपेठ तालुक्यात, म्हणजे परभणी जिल्ह्यात आहे. फेब्रुवारी २०१३ च्या दुष्काळात पाण्याअभावी सारे केंद्र बंद पडले होते. पाणी एका जिल्ह्याचे आणि चिमण्या दुसऱ्याच्या, त्यामुळे हा विषय कोणाचाच राहत नाही.

आता हिशेब. २५० मेगावॉटचा एक संच पूर्ण क्षमतेने दिवसभर चालला तर ६० लाख युनिट वीज तयार होते. युनिटमागे साधारण ६५० ग्रॅम कोळसा धरला तर सुमारे ३,९०० टन कोळसा जळतो. त्यातील राख एक तृतीयांश मानली तरी एका संचाची रोजची राख १,३०० टन होते. यंत्रे यातील बहुतांश राख पकडतात. ती तळ्यात साचते, उन्हाळ्यात सुकून वाऱ्यावर उडते, टिपरमधून रस्त्यावर सांडते. हवेतले अडीच मायक्रॉनहून लहान कण फुफ्फुसाच्या वायुकोशांपर्यंत जातात. त्यांतून दमा, हृदयविकार व पक्षाघात यांचा धोका वाढतो. चिमणीतून निघणारा सल्फर डायऑक्साइडही हवेत असेच सूक्ष्म कण तयार करतो आणि ते कित्येक कोस दूर जातात.

याच कथेचे दुसरे रूप अमेरिकेत दिसते. ॲरिझोनात नवाहो आदिवासींच्या भूमीवर १९७० च्या दशकात २,२५० मेगावॉटचे केंद्र उभे राहिले. त्याच्या विजेने कोलोरॅडो नदीचे पाणी फीनिक्स आणि टूसॉन या शहरांकडे उपसले जाई, आणि हजारो नवाहो घरांत मात्र दिवा नव्हता. सल्फर काढणारी यंत्रणा तेथे बसली ती १९९१ च्या नियमामुळे, आणि त्या नियमाचे कारण होते ग्रँड कॅन्यनवरचे धुरकट आकाश. पर्यटकांची दृष्टी अडली तेव्हा कायदा हलला. शेजारच्या माणसांची छाती त्याआधीही तेथेच होती. केंद्र २०१९ मध्ये बंद झाले.

आपल्याकडे सल्फर डायऑक्साइडची मर्यादा डिसेंबर २०१५ मध्ये प्रथम ठरली. अंमलबजावणीची मुदत वारंवार वाढली आणि जुलै २०२५ मध्ये बहुसंख्य केंद्रांना त्या यंत्रणेतून सूट मिळाली. सक्ती उरली ती मुख्यतः दिल्ली परिसर आणि दहा लाखांवरची शहरे यांच्या जवळच्या केंद्रांना. विरळ वस्तीत कमी माणसे बाधित होतात, हा युक्तिवाद मला समजतो. तो मान्य मात्र नाही, कारण त्यात गंगाखेड-सोनपेठच्या माणसाचे फुफ्फुस लोकसंख्येच्या कोष्टकावरून स्वस्त ठरते.

वीज नको, असे मी म्हणत नाही. हा धागाही विजेवरच लिहिला आहे. साचलेली जुनी राख दहा वर्षांत संपवावी, असे ३१ डिसेंबर २०२१ ची केंद्रीय अधिसूचना सांगते. त्या राखेइतकीच काटेकोर, गावनिहाय आरोग्यनोंद दोन्ही जिल्ह्यांत व्हावी आणि ती सर्वांना पाहता यावी. १९७१ साली विशीत असताना केंद्रात रुजू झालेला कामगार आज पंचाहत्तरीत आहे. त्याला श्वास घेताना काय होते, हे त्याच्या तोंडून ऐकून टिपून ठेवायला आपल्यापाशी फार वर्षे नाहीत.